शांबों गावचे उघडे दार

वाचक मंडळी, आज तुम्हांला जरा लांबच्या गावी न्यायचे आहे. फ्रान्स म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पॅरिस येते, तो लोखंडी मनोरा येतो, अत्तरे आणि झगमगाट येतो. पण त्या देशातही डोंगरावर नांगर धरणारे आणि दूध घालून संसार चालवणारे शेतकरी आहेत. आपल्याला जायचे आहे ते त्यांच्याच एका गावी. नाव आहे ल शांबों-स्यूर-लिन्यों. म्हणजे लिन्यों नदीकाठचे शांबों. आपण नुसते शांबों म्हणू.

ल्यों हे फ्रान्सचे मोठे शहर. तिथून सेंत-एतिएन हे एके काळी कोळशाच्या खाणींसाठी गाजलेले शहर लागते. पुढे रस्ता वळणे घेत चढू लागतो. पाइनचे रान दाट होत जाते, हवा पातळ आणि गार होते, आणि समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटर उंचीवर एक पठार उघडते. पूर्वी इथे एक मीटर रुंदीच्या रुळांवरून छोटी आगगाडी येत असे. ती 1968 साली बंद झाली. आता तिच्या काही भागावर हौशी मंडळी उन्हाळ्यात प्रवाशांसाठी गाडी चालवतात. गाव अजूनही लहानच. वस्ती अडीच हजारांच्या आसपास.

जमीन पाहिलीत तर तुम्हांला कीव येईल. खाली ग्रॅनाइटचा कातळ आणि वर मातीचा पातळ थर. हिवाळा लांबलचक. उत्तरेकडून बर्फ उडवत येणाऱ्या वाऱ्याला तिथले लोक ‘बुर्ल’ म्हणतात. तो सुटला की रस्ते दिसेनासे होतात. अशा जमिनीत पूर्वापार पिकत आले ते राय नावाचे जाडेभरडे धान्य, बटाटे आणि गवत. गवतावर गाई आणि गाईंवर घर. जुनी घरे जाड दगडी भिंतींची, छपरावर दगडाच्या फरश्या, खिडक्या अगदी लहान. माणसे आणि जनावरे एकाच छपराखाली, म्हणजे गोठ्याची ऊब माणसांनाही मिळते. वर माळ्यावर वर्षाचे गवत भरलेले. शिवाय सगळी घरे गावठाणात एकवटलेली नाहीत. आपल्याकडे मळ्यात वस्ती करून राहतात तशी ती रानोमाळ विखुरलेली. ही विखुरलेली वस्ती आणि तो गवताचा माळा ध्यानात ठेवा. पुढच्या हकिगतीत दोन्हींचे काम आहे.

गावात शिरलात की चर्च दिसेल. ते पाहून कदाचित तुमचा हिरमोड होईल. उंच कळस नाही, रंगीत काचांची आरास नाही, मूर्ती नाही, मेणबत्त्यांची रांग नाही. धान्याचे कोठार वाटावे अशी करड्या दगडाची साधी इमारत. आत लाकडी बाके आणि प्रवचनाचा उंच ओटा. बाहेर दारावर परस्परांवर प्रीती करा ही येशूची आज्ञा दगडात कोरलेली. ही प्रॉटेस्टंट पंथाची मंडळी. पोपची सत्ता मानायची नाही, बायबल आपापल्या भाषेत वाचायचे, पाद्रीने लग्न करून चारचौघांसारखा संसार करायचा, अशी त्यांची रीत. नगर-सोलापूरकडच्या वाचकांनी अमेरिकन मराठी मिशनची अशीच साधीसुधी चर्चे पाहिली असतील. गंमत म्हणजे फ्रान्सचे प्रॉटेस्टंट लोक आपल्या प्रार्थनाघराला चर्च म्हणत नाहीत, ‘तांप्ल’ म्हणतात. तांप्ल म्हणजे देऊळ.

फ्रान्स हा बहुसंख्य कॅथलिकांचा देश. तिथे हे लोक मूठभर, आणि मूठभर असण्याची किंमत त्यांनी पुरेपूर मोजलेली. 1598 साली राजाने त्यांना आपल्या धर्माने वागण्याची मोकळीक दिली होती. चौदाव्या लुईने 1685 साली ती काढून घेतली. देवळे पाडली, पाद्री हद्दपार झाले, लपून प्रार्थना करताना सापडलेल्या पुरुषांना गलबतांवर वल्ही मारायला जुंपले, बायकांना तुरुंगात टाकले. याच मुलखाच्या पलीकडच्या डोंगरातली मारी द्यूराँ ही तरुण मुलगी 1730 साली दक्षिणेकडच्या एका बुरुजात कोंडली गेली. भाऊ पाद्री होता, एवढाच अपराध. धर्म सोडते म्हणाली असती तर दार उघडले असते. ती 1768 साली बाहेर आली, अडतीस वर्षांनी. त्या बुरुजातल्या दगडावर ‘प्रतिकार करा’ अशा अर्थाचा एक शब्द खरवडलेला आहे, आणि तो तिनेच लिहिला असे मानतात. शांबोंकडच्या घरांतून ही कहाणी आजी नातवंडांना सांगत आली. रानात चोरून भरलेल्या प्रार्थना आणि परक्या पाद्रीला घरात लपवून ठेवलेल्या रात्री त्यांच्या घराण्याच्या आठवणीत होत्या. लपणाऱ्याला काय वाटते हे त्यांना कोणी वेगळे शिकवावे लागले नाही.

दुसरी एक सवय पोटापाण्यातून लागली. 1893 साली लुई कोंत नावाच्या पाद्रीने सेंत-एतिएनच्या कामगारवस्तीतली, धुराने खंगलेली पोरे उन्हाळ्यात या पठारावर आणायला सुरुवात केली. शेतकऱ्यांच्या घरी महिनाभर राहायचे, दूध प्यायचे, गाई वळायच्या, आणि गालांवर लाली घेऊन परत जायचे. शेतकऱ्यालाही त्याबद्दल थोडे पैसे मिळत. पुढे उन्हाळी पाहुण्यांसाठी खानावळी आणि राहण्याची घरे निघाली. म्हणजे ओळखपाळख नसलेले पोर अंगणात उभे आहे, त्याला वाटीभर सूप द्यायचे आणि झोपायची जागा दाखवायची, हे इथल्या गृहिणीला नवे नव्हते.

अशा गावात 1934 साली आंद्रे त्रोक्मे नावाचे पाद्री बदलून आले. वय तेहेतीस. आई जर्मन, वडील फ्रेंच. लहानपणी पहिले महायुद्ध अगदी दारात पाहिलेले. माणसाने माणसाला मारू नये, सरकारने सांगितले तरी मारू नये, हा त्यांचा पक्का विचार. हा विचार त्यांच्या वरिष्ठांना अडचणीचा वाटे, म्हणूनच बहुधा इतके आडवळणी गाव पदरात पडले. पत्नी माग्दाबाई मूळच्या इटलीतल्या फ्लोरेन्सच्या. मोठ्या गळ्याची, कामाला वाघ अशी बाई. चार मुलांचा संसार, त्यात शाळेतली पोरे जेवायला. त्या काही सोवळ्याओवळ्याच्या भाविक नव्हत्या, धर्मावर फारसे बोलतही नसत. दारात आलेल्याला आत घेणे एवढेच त्यांना ठाऊक. 1938 साली त्रोक्मे यांनी एदुआर तेइस या दुसऱ्या पाद्रीच्या साथीने गावात एक शाळा काढली. आरंभी विद्यार्थी अठरा. इमारत नव्हती, वर्ग मिळेल तिथे भरत. पण या शाळेचा पुढे फार उपयोग झाला, कारण शाळा असलेल्या गावात नवी मुले दिसली तर कोणी लगेच विचारत नाही.

मग 1940 चा जून उजाडला. जर्मनीपुढे फ्रान्सने हात टेकले. अर्धा देश जर्मन सैन्याच्या ताब्यात आणि उरलेल्या भागात मार्शल पेताँ यांचे, जर्मनांपुढे मान तुकवणारे सरकार. तहावर 22 जूनला सह्या झाल्या. दुसऱ्या दिवशी रविवार होता. त्या दिवशी शांबोंच्या देवळात दोन्ही पाद्रींनी मिळून सांगितले की आपल्यावर बळजबरी होईल, सद्विवेकाविरुद्ध आज्ञा येतील, तेव्हा आपण त्यांना विरोध करायचा, मात्र तो आत्म्याच्या शस्त्रांनी करायचा आणि मनात द्वेष न ठेवता करायचा. हे प्रवचन पुढे फार गाजले. पण मंडळी, मला विचाराल तर प्रवचने चांगली सगळीकडेच होतात. मला नवल वाटते ते सोमवारपासूनच्या कामाचे.

त्या पहिल्याच हिवाळ्यात एका संध्याकाळी पाद्रींच्या घराच्या दारावर थाप पडली. दारात एक बाई. बर्फाने माखलेली आणि घाबरलेली. जर्मनीतून पळून आलेली ज्यू बाई होती ती. हिटलरच्या राज्यात ज्यू असणे हाच गुन्हा होता, आणि फ्रान्सच्या नव्या सरकारनेही ज्यूंविरुद्ध कायदे केले होते. आत येऊ का, तिने विचारले. माग्दाबाईंनी तिला आत घेतले, खायला दिले, भिजलेले बूट चुलीच्या धगीला ठेवले. मग त्या मोठ्या भाबडेपणाने गावच्या महापौरांकडे गेल्या, या बाईला कागदपत्र मिळवून द्यावे म्हणून. महापौर उखडले. परकी ज्यू बाई गावात ठेवून सगळ्या गावाला खड्ड्यात घालता काय, उद्या सकाळी तिला काढून द्या, असे त्यांचे म्हणणे. माग्दाबाई घरी आल्या तर बूट जास्त तापून करपलेले. आणि त्या दिवसांत बूट म्हणजे सोने, बाजारात मिळत नसत. त्या गावात घरोघर फिरल्या आणि एक जोड मिळवला. दुसऱ्या दिवशी ती बाई दुसऱ्या ठिकाणी रवाना झाली. तिला आपल्याकडे ठेवता आले नाही याची टोचणी माग्दाबाईंना जन्मभर राहिली. पण एक गोष्ट त्या दिवशी पक्की झाली. यापुढे सरकारदरबारी विचारायला जायचे नाही.

गाडीमागून गाडी येऊ लागली. कोणी एकटे, कोणी लेकुरवाळे. दक्षिण फ्रान्समधल्या छावण्यांत ज्यू कुटुंबे चिखलात, उपाशी कोंडलेली होती. तिथून लहान मुलांना सोडवून आणायची खटपट क्वेकर पंथाचे अमेरिकन लोक, स्विस मदत संस्था आणि सिमाद नावाची फ्रेंच प्रॉटेस्टंट तरुणांची संस्था करत होती. मुले सोडवता येतील, पण ठेवायची कुठे? बहुतेक गावे भीत होती. शांबों हो म्हणाले. 1941 च्या मे महिन्यात पहिले बालगृह सुरू झाले, मग एकामागून एक सात-आठ घरे निघाली. त्यांचा खर्च बाहेरच्या संस्था देत. कित्येक खानावळवाल्या बायकाही राहणाऱ्यांकडून पैसे घेत, ज्यांच्याकडे असतील त्यांच्याकडून. कोणी म्हणेल, मग ती सेवा कसली? ज्याच्या घरी बटाट्याचे पोते मोजून ठेवलेले असते त्याने हे जरूर विचारावे. पैसे देणारा आणि न देणारा दोघांनाही एकाच पातेल्यातले वाढले जाई, आणि पोलिसांची धाड पडली तर घरमालकिणीचे जे व्हायचे ते पैशाने टळणारे नव्हते.

आता हे सगळे चालले कसे ते पाहा, कारण खरी मेख तिथेच आहे. चर्चच्या तेरा कार्यकर्त्यांची त्रोक्मे यांच्याबरोबर दर पंधरवड्याला बायबल वाचायला बैठक होई. प्रत्येकाकडे गावाचा एकेक भाग. वाचलेला उतारा घेऊन प्रत्येकजण आपल्या भागातल्या मंडळींत बसे आणि चर्चा करी. या बैठकीतच, वेगळे काही न बोलता, कोणाच्या मळ्यात जागा आहे, कोणाकडे गाय व्याली आहे म्हणून दूध आहे, कोणाकडे नुकता बाळंतपणाचा व्याप आहे म्हणून या महिन्यात माणूस पाठवू नये, हे ठरून जाई. वही नाही, यादी नाही. ज्याला जेवढे लागेल तेवढेच माहीत. शेजारच्या मळ्यात कोण आहे ते माहीत असूनही विचारायचे नाही, ही गावची शिस्त झाली. आसपासच्या गावांचे पाद्री एकमेकांना चिठ्ठी धाडत, तीत ‘जुना करार’च्या काही प्रती पाठवतो आहे असे लिहिलेले असे. जुना करार हा बायबलचा पूर्वार्ध, आणि तो ज्यूंचाही धर्मग्रंथ. घेणारा समजून चार ताटे जास्त मांडी.

या कामात सगळ्यांत गप्प राहणारे होते ते मळ्यांवरचे शेतकरी. त्यांतले बरेच एका अगदी लहान, कडक उपपंथाचे. त्यांना पाद्रीच नाही. घरीच जमून बायबल वाचायचे, गाणे-बजावणे नाही, बोलणे मोजके. बायबलमध्ये ज्यांची कथा आहे तेच हे लोक दारात उभे आहेत, अशी त्यांची सरळ समजूत. मोठे शास्त्र नाही त्यात. शहरातला वकील किंवा प्राध्यापक त्यांच्या गोठ्यात शेण काढायला शिकला, त्यांच्या पोरांबरोबर गाई वळू लागला. पोलीस येण्याची कुणकुण लागली की तो वर गवतात, नाही तर रानात. पोलीस परत गेल्यावर कोणीतरी रानाच्या कडेला जाऊन गाणे म्हणे. ते ऐकू आले की परतायला हरकत नाही.

एका मळ्यात मधमाश्यांच्या पेट्या होत्या. रशियन ज्यू आईबापांचा, डॉक्टर होण्याची इच्छा असलेला ओस्कार रोझोव्स्की हा अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा तिथे राहून खोटी ओळखपत्रे आणि शिधापत्रे बनवी. शिक्के आणि कागद लपवायचे त्या पेट्यांत. पोळ्यात हात घालायला पोलीसही धजत नसे. पण इथे एक अडचण होती आणि ती लहान नव्हती. ही माणसे खोटे बोलणे पाप मानणारी. ज्याचे हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे नाही असायचे त्याने खोट्या नावाचा दाखला हातात द्यायचा. काहींना झोप लागत नसे. प्राण वाचवण्यासाठी म्हणून त्यांनी ते केले, पण त्याचा गौरव केला नाही. स्वतः त्रोक्मे यांनाही ही बोच कधी पुरती गेली नाही.

सरकारशी पहिली उघड खटपट झाली ती घंटेवरून. 1941 च्या 1 ऑगस्टला दुपारी बारा वाजता सगळ्या चर्चांनी मार्शलच्या सन्मानार्थ घंटा वाजवावी असा हुकूम आला. त्रोक्मे यांनी देवळाची राखण करणाऱ्या बाईला ती वाजवू नये असे सांगितले. लहानखुरी, गरीब बाई. बारा वाजले, घंटा गप्प. उन्हाळ्यासाठी आलेल्या काही प्रतिष्ठित पाहुण्या बायका तणतणत आल्या आणि वाजव म्हणाल्या. ही घंटा मार्शलची नाही, देवाची आहे, असे सांगून ती दार अडवून उभी राहिली. पावसाची मोठी सर आली आणि पाहुण्या पळाल्या.

पुढच्या वर्षी खेळ उरला नाही. 1942 च्या जुलैमध्ये पॅरिसमध्ये फ्रेंच पोलिसांनीच हजारो ज्यूंना, बायकामुलांसकट, धरून नेले. ऑगस्टमध्ये युवक खात्याचे प्रमुख लामिराँ शांबोंच्या भेटीला आले. स्वागत थंड. शाळेतल्या काही मोठ्या मुलांनी त्यांच्या हातात पत्र दिले. आमच्यात ज्यू आहेत, आम्ही भेद मानत नाही, त्यांना धरून न्यायला आलात तर आम्ही त्यांना लपवू, असा त्या पत्राचा आशय. कच्च्या वयाचे धाडस म्हणा हवे तर. दोनच आठवड्यांत पोलीस मोटारबस घेऊन आले. पाद्रींना बोलावून ज्यूंची यादी मागितली. मेंढपाळ मेंढरे दाखवून देत नसतो, आणि आम्हांला ज्यू ठाऊक नाहीत, माणसे तेवढी ठाऊक आहेत, अशा अर्थाचे उत्तर मिळाले. पोलीस तीन आठवडे घरे, माळे, तळघरे धुंडत राहिले. बसमध्ये बसला फक्त एक माणूस. त्याच्यासाठी गावकरी खिडकीतून खाऊ देत राहिले आणि त्याच्या शेजारी ढीग झाला. तोही पुढे सुटला.

1943 च्या फेब्रुवारीत, 13 तारखेला, संध्याकाळी दोन पोलीस अधिकारी पाद्रींना अटक करायला घरी आले. त्रोक्मे बाहेर गेलेले. माग्दाबाईंनी अधिकाऱ्यांना बसवले आणि घरच्या गडबडीत त्यांना विसरूनही गेल्या. पाद्री आले, अटकेचे कळले. कपड्यांची पेटी भरायची तर गरम कपडे पेटीत नव्हतेच, थंडीमुळे आधीच काढून वापरलेले. जेवणाची वेळ झालेली, म्हणून माग्दाबाईंनी सगळ्यांना टेबलाशी बोलावले, पोलिसांनाही. ‘नवऱ्याला न्यायला आलेल्यांना तुम्ही कसे जेवू घातले,’ असे पुढे लोक विचारत. त्यांना या प्रश्नाचेच नवल वाटे. जेवायची वेळ होती, माणसे घरात होती. तेवढ्यात बातमी फुटली आणि गावकऱ्यांची रीघ लागली. सार्डीन माशांचा डबा, साबण, लोकरीचे मोजे, मेणबत्ती. महागाईत जपून ठेवलेल्या वस्तू. मेणबत्तीला काडी नव्हती तर एका पोलीस अधिकाऱ्याने आपली काडेपेटी दिली. दोन्ही बाजूंना उभ्या राहून मंडळींनी स्तोत्र म्हटले आणि त्यामधून पाद्री गेले. तेइस आणि गावच्या सरकारी शाळेचे मुख्याध्यापक दार्सिसाक यांनाही नेले. सुमारे महिनाभर छावणीत ठेवून तिघांना सोडले. मार्शलच्या आज्ञा पाळू या कागदावर दोघा पाद्रींनी सही केली नव्हती तरीही सोडले.

एव्हाना जर्मन सैन्य सगळ्याच फ्रान्समध्ये पसरले होते. शांबोंमधल्या एका हॉटेलात रशियाच्या आघाडीवर जखमी झालेले जर्मन शिपाई विश्रांतीसाठी राहत होते. रस्त्याच्या एका अंगाला ते आणि थोड्या अंतरावर ज्यू मुलांचे घर. दोन्हीकडे दूध त्याच मळ्यांतले.

सगळे वाचले असे मात्र समजू नका. 29 जून 1943 ला सकाळी गेस्टापो, म्हणजे जर्मन गुप्त पोलिसांनी, ‘रोश’ नावाच्या विद्यार्थिगृहावर धाड घातली. तिथले व्यवस्थापक दानिएल त्रोक्मे हे पाद्रींच्या नात्यातले तरुण शिक्षक. हृदय कमकुवत. रात्र-रात्र जागून मुलांचे बूट जुन्या टायरच्या तुकड्यांनी दुरुस्त करणारे. धाड पडली तेव्हा ते दुसऱ्या बालगृहात होते. पळणे शक्य होते, पण मुलांना सोडून ते गेले नाहीत. माग्दाबाई घरातल्या पदर-कपड्यांनिशी, एप्रन लावलेल्याच तिथे पोचल्या. स्वयंपाकीण समजून शिपायांनी त्यांना आत सोडले. एका स्पॅनिश मुलाने काही दिवसांपूर्वी नदीत बुडणाऱ्या जर्मन शिपायाला वाचवले होते. हे कळताच बाई सायकलने हॉटेलाकडे गेल्या आणि जर्मन शिपायांनाच साक्षीला घेऊन आल्या. तो मुलगा सुटला. अठरा विद्यार्थी आणि दानिएल गेले. त्यांतले काही पुन्हा परतले नाहीत. दानिएल 1944 च्या एप्रिलमध्ये पोलंडमधल्या मायदानेक छावणीत मरण पावले. गावचे डॉक्टर रोजे ल फोरेस्तिए यांना 20 ऑगस्ट 1944 ला ल्योंजवळ जर्मनांनी गोळ्या घातल्या. त्यानंतर पंधरा दिवसांत तो सगळा भाग मुक्त झाला.

एकूण किती जण या पठारावर तगले? कोणी पाच हजार आश्रित म्हणतात, कोणी त्यापेक्षा बरेच कमी. नक्की आकडा निघणार नाही, कारण मोजदाद ठेवलीच नव्हती. ठेवली असती तर तोच कागद त्यांचा काळ ठरला असता. प्रॉटेस्टंटांच्या जोडीला कॅथलिक होते, देव न मानणारेही होते, आणि काही गप्प राहून दुर्लक्ष करणारे पोलीसही होते. हे सांगितले पाहिजे, नाही तर सगळे श्रेय एकाच देवळाच्या पदरात पडते.

युद्ध संपले आणि शेतकरी गवत कापायला लागले. फार बोलले नाहीत. कोणी विचारलेच तर, त्यात काय विशेष, माणूस दारात होता, असे. त्रोक्मे पुढे जिनीव्हाकडे गेले आणि 1971 साली वारले. जे लहानपणी इथे लपले होते त्यांनी 1979 साली देवळासमोर एक स्मृतिफलक बसवला. 1990 साली इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने शांबों आणि आसपासच्या गावांच्या रहिवाशांचा एकत्र सन्मान केला. एरवी तो एकेका माणसाच्या नावाने दिला जातो. 2013 पासून गावात या इतिहासाचे एक संग्रहालय आहे. तुम्ही कधी गेलात तर मे-जूनमध्ये जा. तेव्हा पठारावर रानटी झुडपांना पिवळी फुले येतात आणि बुर्ल वाहत नाही.

आता एरिक श्वाम यांची गोष्ट. व्हिएन्नात 1930 साली जन्मलेला हा ज्यू मुलगा 1943 साली आईवडिलांबरोबर शांबोंला आला. तेराच्या आतबाहेरचे वय. युद्धानंतर औषधशास्त्र शिकला, ल्योंकडे राहिला, लग्न झाले पण मूलबाळ नाही. 2020 च्या डिसेंबरात नाताळच्या दिवशी, नव्वदाव्या वर्षी, तो वारला. मृत्युपत्रात त्याने आपली मालमत्ता, सुमारे वीस लाख युरो, शांबोंच्या नगरपालिकेच्या नावे केली होती, आणि ती मुलांच्या शाळा-शिक्षणासाठी वापरावी अशी इच्छा होती. ही बातमी 2021 च्या जानेवारीत जगभर छापून आली. त्याला त्या हिवाळ्यात सूप वाढणारी बाई कोण, कोणाच्या मळ्यावर तो राहिला, हे गावात शोधायला गेले तर कोणाला नीट सांगता आले नाही.